वाचकांचे प्रश्न : घरबांधणी — आधी भिंतीत दडणारे ठरवा

प्रश्न : गुहागर तालुक्यात, समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर, आमच्या वडिलोपार्जित जागेत आम्ही जांभ्या दगडाच्या चिऱ्याचे घर बांधत आहोत. भिंती उभ्या राहिल्या असून कौले चढली आहेत. ठेकेदार आत्ताच नळ, कमोड आणि फरशी यांची यादी मागत आहेत. आधी गिलावा होऊ द्यावा, खोल्यांचा अंदाज यावा आणि मग सावकाश दुकाने पालथी घालावीत, असे आम्हा दोघांचे मत आहे. करारात फरशीचा दर चौरस फुटाला साठ रुपये धरला आहे. ऐंशी ओलांडलेल्या सासूबाईही आमच्यासोबत राहणार आहेत. एवढी घाई खरोखरच आवश्यक आहे का?
— एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : तुमच्या ठेकेदारांची घाई रास्त आहे, मात्र सगळी यादी आजच द्यायला हवी असे नाही. भिंतीत आणि फरशीखाली जे कायमचे गाडले जाणार आहे, ते आज ठरवावे लागते. भिंतींचे रंग, दिवे, पडदे आणि कपाटांच्या मुठी यांना पुष्कळ अवधी आहे. बहुतेक घरांत नेमके उलटे घडते, म्हणजे रंगाच्या छटांवर महिनाभर चर्चा होते आणि न्हाणीघरातला डायव्हर्टर प्लंबरच्या हाती येईल तो बसतो.

गरम आणि थंड पाणी एकत्र करणारा हा डायव्हर्टर भिंतीत बसतो, आणि तो किती खोल बसवायचा याच्या किमान व कमाल खुणा त्याच्यावरच असतात. ही खोली चिऱ्यापासून मोजायची नसून गिलावा आणि टाइल धरून जो अंतिम पृष्ठभाग तयार होईल त्यापासून मोजायची असते, त्यामुळे टाइलची जाडी ठाऊक नसेल तर प्लंबर केवळ अंदाज करतो. तो अंदाज चुकला की मूठ तरी बसत नाही किंवा वरची चकती भिंतीपासून सुटून राहते. शिवाय एका कंपनीच्या आतल्या भागावर दुसऱ्या कंपनीची मूठ सहसा बसत नाही, म्हणून डायव्हर्टर घेतानाच पुढच्या शॉवरचा आणि नळांचा संचही ठरल्यात जमा असतो.

कमोडचेही तसेच आहे. मैलापाणी जमिनीतून जाणार की भिंतीतून, आणि जमिनीतून जाणार असेल तर तयार भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंत नऊ इंच अंतर हवे की बारा, हे कमोडच्या नमुन्यावर अवलंबून असते. भिंतीला टांगलेला कमोड हवा असल्यास त्याची टाकी दडवण्यासाठी चिरा कोरत बसण्यापेक्षा पुढे एक पातळ भिंत उभारलेली बरी. सासूबाईंच्या दृष्टीने या प्रकाराचा एक लाभ आहे, तो म्हणजे बैठकीची उंची आपल्या सोयीने ठेवता येते. त्यांच्यासाठी कमोडशेजारी आणि शॉवरखाली आधाराचे दांडे लागतील. जांभा सच्छिद्र असल्याने त्यात स्क्रू भरवशाने धरत नाहीत, म्हणून दांड्यांच्या जागी आत्ताच काँक्रीटचे ठोकळे घालून घ्यावेत आणि मोजमापांसह त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे.

मोठ्या गोल शॉवरचा मोह असल्यास आधी टाकीची उंची पाहावी. टाकी शॉवरपेक्षा जितके मीटर वर, तितका प्रत्येक मीटरमागे सुमारे ०.१ बार दाब मिळतो. कौलारू घरात टाकी फार उंच नेता येत नाही, आणि दोन मीटरच्या उंचीवर तो शॉवर पागोळ्यांसारखा गळत राहील. त्यापेक्षा साधा हातशॉवर घ्यावा किंवा दाब वाढवणाऱ्या पंपाची तरतूद करावी. काहीही घेतले तरी टाइल लावण्यापूर्वी सर्व पाइपांची दाबाखाली चाचणी आपल्यासमोर करून घ्यावी.

फरशीचा प्रकारही आत्ताच ठरायला हवा, कारण त्यावर दारांच्या चौकटींची पातळी अवलंबून असते. टाइल साधारण आठ ते दहा मिलिमीटर जाडीची असते, तर कोटा त्याच्या दुप्पट किंवा अधिक भरतो; खोलीत एक आणि पडवीत दुसरे घालायचे असेल तर खालचा थर तेवढ्या फरकाने करावा लागतो, नाहीतर दारात ठेच लागणारी पायरी तयार होते. पडवीत आणि न्हाणीघरात चकचकीत टाइल घालू नये. कोकणच्या पावसात चार महिने पाय ओले असतात, म्हणून तिथे घसरणरोधक आर-१० किंवा आर-११ दर्जाची टाइल मागावी. माझे मत विचाराल तर पडवीला बिनपॉलिशचा कोटा किंवा शहाबादी फरशी अधिक शोभते. स्वयंपाकाच्या ओट्याला मात्र ग्रॅनाइटच घ्यावे. कोटा आणि संगमरवर यांत चुना असल्याने लिंबू-कोकमाचे आगळ सांडले की डाग पडून चकाकी जाते.

साठ रुपयांचा दर केवळ मालाचा आहे का, त्यात कर आणि वाहतूक आहे का, हे लेखी करून घ्यावे. तुटफूट धरून पाच ते दहा टक्के माल जास्त आणि एकाच बॅचचा मागवावा, कारण पुढल्या बॅचची छटा जुळेलच असे नाही.

समुद्राच्या खाऱ्या हवेत बिजागऱ्या, कड्या आणि रेलिंग यांवर हात आखडू नये. बाहेरच्या कामाला ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. आत ३०४ चालते. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, पण हलके २०२ स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे त्या प्रयोगाने काहीच सिद्ध होत नाही. बिलावर प्रत लिहून घ्यावी. पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू मारलेले मी अनेक घरांत पाहिले आहे. बिजागरी टिकते आणि दार लटकते.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे जड पाणी आहे. नव्या घरात काळे मॅट नळ बसवावेत का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : बसवू नयेत, असेच मी सुचवेन. जड पाण्याचा प्रत्येक थेंब वाळताना क्षारांचा पांढरा ठिपका मागे ठेवतो आणि तो काळ्यावर सर्वाधिक उठून दिसतो. घासून काढायला गेल्यास लेपच उडतो. पितळी अंगाचा, क्रोमचा मुलामा दिलेला साधा नळ पुसायला सोपा असतो. नळाच्या तोंडाची जाळी सहज फिरवून निघेल असाच नमुना निवडावा. ती दर महिना-दोन महिन्यांनी काढून व्हिनेगरमध्ये भिजवली की धार पूर्ववत होते, मात्र ते व्हिनेगर कोट्याच्या फरशीवर सांडू देऊ नये.