चिनी विद्यार्थी 'ओपन द लाइट' का म्हणतात? त्यांना 'ओपन' कसा शिकवावा?

मँडरिनमध्ये दार उघडायला, दिवा लावायला, गाडी चालवायला आणि मीटिंग घ्यायलाही 'खाय' हे एकच क्रियापद चालतं. 'खाय' म्हणजे 'ओपन' एवढं पाठ झालं की 'ओपन द एसी' ओघानंच येतं. विरुद्धार्थी 'क्वान'चं तसंच, म्हणून 'क्लोज द लाइट'. हसू नका, आपणही दिवा लावतो तेव्हा तो सुरू होतो आणि दार लावतो तेव्हा ते बंद होतं.

व्याख्या सांगण्यापेक्षा कसोटी द्या. आतलं दिसू लागतं किंवा आत जाता येतं? मग ओपन: दार, डबा, पुस्तक, डोळे, मोबाइलमधली फाइल. वीज, गॅस, पाणी सुरू होतं? मग टर्न ऑन: पंखा, शेगडी, नळ. बँकेतलं खातं यात नीट बसत नाही, पण तेही ओपनच. वेगळं पाठ करून घ्या. लॅपटॉप वर्गात समोर धरा: झाकण वर केलं की ओपन, बटण दाबलं की टर्न ऑन.

'ओपन द कार'कडे नीट लक्ष द्या, कारण व्याकरणात खोट निघत नाही. बोलणाऱ्याच्या मनात 'ड्राइव्ह' असतं आणि ऐकणारा गाडीचं दार उघडायला जातो. मीटिंगला साधं 'हॅव' पुरे.

'टर्न ऑन' आलं की 'टर्न ऑन इट' सुरू होतं. नाम मध्ये किंवा शेवटी कुठेही चालेल, 'इट' मात्र मध्येच: 'टर्न इट ऑन'. चिनीत कर्म गाळलं तरी चालतं, म्हणून काही जण नुसतंच 'प्लीज टर्न ऑन' म्हणून थांबतात.

सगळ्यात चिवट चूक म्हणजे 'द शॉप इज ओपन्ड'. 'क्लोज्ड'च्या शेवटी 'ड' दिसतो, मग 'ओपन'लाही तो चिकटवतात. पण 'ओपन' मुळातच विशेषण आहे. दुकान आत्ता उघडं आहे, तर 'इज ओपन'. ते नऊला उघडलं, तर 'ओपन्ड ॲट नाइन'. ही जोडी बोलण्यात तपासू नका. मँडरिनमध्ये शब्दाच्या शेवटी 'न्'ला जोडून 'ड' येतच नाही, त्यामुळे तो गिळला जातो आणि 'ओपन' व 'ओपन्ड' सारखेच ऐकू येतात. दुकानाच्या वेळांवर पाच-सहा वाक्यं लिहून घ्या, कोण कुठे अडतंय ते कागदावर दिसेल.