बहुभाषिक, बहुभाषी की बहुभाषक?

प्रश्न असा आला आहे: आठ-दहा भाषा बोलून दाखवणाऱ्या लोकांचं हल्ली फार कौतुक होतं, त्यांचे व्हिडिओ आवडीने पाहिले जातात. अशा माणसाला मराठीत काय म्हणावं? बहुभाषिक, बहुभाषी, बहुभाषक, की सरळ भाषाप्रभू? आणि ती व्यक्ती स्त्री असेल तर?

‘भाषाप्रभू’ आधी बाजूला काढू. भाषाप्रभूची हुकमत एका भाषेवर असते, तिच्या शैलीवर, शब्दकळेवर. त्याला दुसरी भाषा अजिबात येत नसली तरी बिघडत नाही. उलट वीस भाषांत जुजबी गप्पा मारणारा माणूस त्यातल्या एकीचाही प्रभू नसू शकतो. ‘भाषाशास्त्रज्ञ’ही नको. तो भाषांच्या रचनेचा अभ्यास करतो, आणि “मग तुम्हाला किती भाषा येतात?” असं विचारलं की बहुधा वैतागतो.

उरले तीन शब्द. ‘-इक’ लागून झालेलं ‘भाषिक’ हे मुळात विशेषण: भाषेचं, भाषेसंबंधीचं. बहुभाषिक समाज, बहुभाषिक कोश, बहुभाषिक पाटी हे प्रयोग चोख आहेत. ‘भाषक’ म्हणजे बोलणारा. लेखक, गायक, वाचक यांच्या रांगेतला कर्तृवाचक शब्द. म्हणून माणसासाठी बहुभाषक. इंग्रजीतला ‘पॉलिग्लॉट’ मूळ ग्रीक, अर्थ ‘अनेक जिभांचा’. तो माणसालाही लागतो आणि पुस्तकालाही. स्पेनमध्ये १५१४ ते १५१७ या काळात छापलेलं अनेक भाषांतलं बायबलही ‘पॉलिग्लॉट’च. मराठीत ग्रंथ बहुभाषिक आणि माणूस बहुभाषक असा भेद करता येतो, तर तो का सोडावा?

आता आक्षेप येणार की सैनिक, नाविक, वैमानिक ही माणसंच आहेत ना? आहेत. त्यामुळे ‘मराठी भाषिक’ लिहिणाऱ्याला मी अशुद्ध म्हणणार नाही. तो प्रयोग वर्तमानपत्रांत केव्हाच रुजलाय. माझं म्हणणं एवढंच, की दोन कामांना दोन शब्द हाताशी असताना एकालाच राबवू नये.

‘बहुभाषी’ची गंमत वेगळी. मितभाषी म्हणजे थोडक्या भाषा येणारा नव्हे, मोजकं बोलणारा. मृदुभाषी, मधुरभाषी यांतही ‘भाषी’चा संबंध बोलण्याच्या रीतीशी आहे. त्याच न्यायाने संस्कृतात ‘बहुभाषिन्’ म्हणजे पुष्कळ बोलणारा, वाचाळ! काही प्रसिद्ध मंडळींना दोन्ही अर्थ लागू पडतील, तो भाग निराळा. हिंदीच्या सहवासाने आज ‘बहुभाषी’चा नवा अर्थ सगळ्यांना कळतो, पण मितभाषी शेजारी उभा असेपर्यंत मला तो शब्द खटकत राहील.

पण ‘बहुभाषक’ने तुमचा प्रश्न पुरता सुटत नाही. घरात एक, शाळेत दुसरी आणि कामावर तिसरी भाषा बोलणारे जगात असंख्य आहेत. तेही बहुभाषकच, पण त्यांच्याकडे बघायला कुणी गर्दी करत नाही. गर्दी होते ती मुद्दाम, हौसेने भाषा शिकणाऱ्यांभोवती, आणि त्यातही आकड्याभोवती. हे आजचं नाही. बोलोन्याचे जुझेप्पे मेझोफांती (१७७४–१८४९), पुढे कार्डिनल झालेले, यांची कीर्ती एवढी की युरोपभरचे प्रवासी त्यांना भेटायला आणि आपापल्या भाषेत त्यांची परीक्षा घ्यायला येत. एमिल क्रेब्स (१८६७–१९३०) हे बीजिंगच्या जर्मन वकिलातीतले दुभाषे. साठाहून अधिक भाषांचे जाणकार म्हणून त्यांचा लौकिक होता. मृत्यूनंतर त्यांचा मेंदू जपून ठेवला गेला आणि २००४ मध्ये संशोधकांनी त्यातल्या भाषेशी निगडित भागाची रचना तपासून प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये बुडापेस्टला पॉलिग्लॉट मंडळींची परिषदही भरली.

या साऱ्यात खरा निसरडा शब्द आहे तो ‘येणे’. “मला फ्रेंच येते” यात नक्की काय येतं? वाचता, बोलता, की जेवण मागवण्यापुरतं? चार्ल्स रसेल यांनी १८५८ मध्ये मेझोफांतींचं चरित्र लिहिलं तेव्हा त्यांनाही ही अडचण आली. त्यांनी सरसकट आकडा न देता भाषांच्या प्रती लावल्या: उत्तम बोलत असल्याची खात्री झालेल्या वेगळ्या, मोडक्यातोडक्या वेगळ्या, फक्त पुस्तकातून ठाऊक असलेल्या वेगळ्या. हा शहाणपणा पुढे सगळ्यांना राहिला नाही. १९९७ मध्ये चिलीच्या दूरचित्रवाणीवर, ५९ भाषा येतात असा डंका असलेल्या एका गृहस्थांना निरनिराळ्या भाषकांनी साधे प्रश्न विचारले. बऱ्याच भाषांत ते गडबडले. याउलट अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ केनेथ हेल (१९३४–२००१). लोक त्यांच्या नावावर कितीतरी भाषा जमा करत, पण ते भाषा ‘बोलणं’ आणि तिच्यात ‘काहीबाही म्हणता येणं’ यांत फरक करत. आपण बोलतो त्या तीनच म्हणत: इंग्रजी, स्पॅनिश आणि ऑस्ट्रेलियातली वार्लपिरी.

म्हणून माझी सूचना अशी. सर्वसाधारण शब्द बहुभाषक. ज्याचं प्रावीण्य खरंच पारखलेलं आहे त्याच्यासाठी बहुभाषाविद किंवा बहुभाषाकोविद. कोविद म्हणजे निपुण. दुर्दैवाने २०२० पासून हा चांगला शब्द ऐकताच लोक मास्क शोधतात, त्यामुळे ‘विद’ बरा. आणि नवी भाषा दिसली की राहवत नाही, तीन महिन्यांत पुढचीकडे वळतो, अशा हौशी जिवाला ‘भाषावेडा’ म्हणा. पुस्तकवेडा चालतो तसा हाही चालेल, आणि त्यात कुठलाही खोटा दावा नाही. फारच जास्त भाषा येणाऱ्याला इंग्रजीत ‘हायपरपॉलिग्लॉट’ म्हणतात, त्यासाठी ‘अतिबहुभाषक’ वगैरे घडवू नये. “अकरा भाषा बोलणारा” हे अधिक स्वच्छ आहे.

स्त्रीबद्दल लिहिताना लेखक-लेखिका या चालीवर ‘बहुभाषिका’ होईल, पण ते ‘बहुभाषिक’च्या इतकं जवळ जातं की वाचणाऱ्याला मुद्रणदोष वाटावा. हंगेरीच्या कातो लोंब (१९०९–२००३) रसायनशास्त्र शिकलेल्या, पुढे कादंबऱ्या वाचत भाषा शिकल्या आणि दुभाषाचं काम करून त्यावर पोट भरलं. त्यांच्याविषयी मी “बहुभाषक कातो लोंब” असंच लिहीन. मथळ्यात नाव आधीच असेल तर वेगळं स्त्रीलिंगी रूप लागत नाही.