वह्या तपासायला अ‍ॅप लावू का?

प्रश्न : मी तिसरी-चौथीला गणित शिकवते. हजेरी, गुण, पालकांचे निरोप सगळं मोबाइलवर आलं, तरी वह्यांचा गठ्ठा घरी येतोच. सहकारी म्हणतात, चाचण्या अ‍ॅपवर घे, शेरे एआयकडून लिहून घे, निम्मा वेळ वाचेल. त्यांचा उरक बघून आपणच मागे पडलोय असं वाटतं. काय करावं? – एक शिक्षिका

उत्तर : उरक हवाच, त्यात संकोच कसला? हजेरी, गुणांच्या बेरजा, तेच ते निरोप खुशाल यंत्राच्या गळ्यात घाला. गुणपत्रक हाताने भरण्यात कसलंही पुण्य नाही. प्रश्नपत्रिकेचा पहिला खर्डा मीसुद्धा चॅटबॉटकडून करून घेते. उत्तरं मात्र स्वतः सोडवून बघते, कारण तो चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतो.

वह्यांची गोष्ट वेगळी. समजा एका मुलाने लिहिलंय : ५२ − २७ = ३५, ७१ − ४८ = ३७, ८४ − ३६ = ५२. अ‍ॅप तीन फुल्या मारून शून्य गुण देईल. पान नीट बघितलं तर कळतं, चुका तीन नाहीत, एकच आहे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन घालवले. सगळीकडे मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. त्याचा नियम अगदी पक्का आहे, फक्त चुकीचा आहे. त्याला आणखी वीस गणितं घातलीत तर वीसही तो तशीच सोडवेल. त्याच्यासमोर दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडून दशक सुटा करून दाखवायला हवा. एखादं चांगलं अ‍ॅप ही चूक हेरेलही, पण मग त्या मुलाजवळ बसायचं कोणी?

म्हणून सगळं सारख्याच बारकाईने तपासू नका. सरावाची गणितं मुलांनीच फळ्यावरची उत्तरं बघून तपासावीत. तुम्ही एकच गणित निवडा, सगळ्या वर्गाचं तेवढंच बघा आणि चुकांप्रमाणे वह्यांचे ढीग लावा. उद्या कोणाला काय शिकवायचं ते तिथेच ठरतं.

शेऱ्यांबद्दल शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांचा १९८८चा अभ्यास सांगण्यासारखा आहे. काही मुलांना नुसते गुण, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही दिलं. नुसता शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झालाच नाही. गुण दिसल्यावर शेरा वाचतो कोण! तेव्हा गुणांखाली ‘छान प्रयत्न, अजून सराव कर’ हे एआयकडून लिहून घेण्यापेक्षा काही न लिहिलेलं बरं. एका वेळी मोजक्याच मुलांना लिहा, पण ‘दोनातून सात जात नव्हते तेव्हा तू काय केलंस?’ असं लिहा. त्या दिवशी गुण देऊ नका.

आणखी एक, उरकायची घाई वर्गातही शिरते. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, असं अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७०च्या दशकातल्या अभ्यासात आढळलं. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारीही बोलू लागली. तेव्हा मनात तीन मोजा, आणि पहिला हात वर आला तरी लगेच त्याचं नाव घेऊ नका.