वाचकांचे प्रश्न : जाहिरातींची पानं फाडू नका

गेल्या दोन अंकांत विसाव्या शतकातल्या कला आणि समाजजीवनाच्या अभ्यासावर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. ज्यांच्या उत्तरातून इतरांचंही काम होईल अशी निवडली आहेत. स्तुतीची पत्रं ठेवून घेतली आहेत, छापत नाही.

आजोबांच्या ट्रंकेत नाटकाचं एक हँडबिल सापडलं. कंपनीचं नाव आहे, वार आणि तारीख आहे, पण साल नाही. हा प्रयोग कधीचा, हे कसं ठरवायचं? (अ. दे., सांगली)

साल नाही म्हणून खट्टू होऊ नका. हँडबिल शनिवारच्या खेळासाठी शुक्रवारी वाटायचं असतं. कोणतं साल चाललंय हे घेणाऱ्याला ठाऊकच असतं. छापणाऱ्यानं आपल्यासाठी, म्हणजे पुढच्या संशोधकांसाठी, त्यात काहीच लिहिलेलं नाही. म्हणूनच मला आत्मचरित्रापेक्षा हँडबिलावर जास्त भरवसा वाटतो.

आधी तिकिटाचे दर पाहा. दर रुपये-आण्यांत असतील तर ते बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. त्या दिवसापासून दशमान नाणी आली. ‘नवे पैसे’ असं छापलं असेल तर काम फारच सोपं, कारण त्यातला ‘नवे’ १ जून १९६४ ला गेला. म्हणजे तुम्ही सात वर्षांच्या पट्ट्यात आलात. मग पत्ता पाहा. ‘पुणे २’, ‘मुंबई ४’ असा एक-दोन आकडी पत्ता असेल तर सहा आकडी पिनकोडच्या, म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा असण्याची शक्यता मोठी. ‘मुंबई राज्य’ असा उल्लेख असेल तर १ मे १९६० च्या अलीकडे येऊ नका. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘येथें’ असे अनुस्वार डोक्यावर दिसत असतील तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचं समजा, पण जपून. जुन्या जुळाऱ्यांचे (छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांचे) हात नियम बदलल्याबरोबर बदलले नाहीत. शके दिलं असेल तर त्यात ७८ मिळवा, आणि जानेवारी ते फाल्गुन अखेरचा प्रयोग असेल तर ७९. ही शेवटची गोष्ट अनेक छापील प्रबंधांतसुद्धा एक वर्षानं चुकलेली असते.

एवढ्यानं दहा-पंधरा वर्षांचा काळ हाती येतो. आता वार आणि तारीख कामाला लावा. ठरावीक तारखेला ठरावीक वार कधी पाच, कधी सहा, तर कधी अकरा वर्षांनी पुन्हा येतो. म्हणजे त्या पट्ट्यात दोन-तीनच सालं उरतात. जंत्री, म्हणजे जुन्या वर्षांच्या वार-तारखांचं कोष्टक, घेऊन बसा. उरलेल्या सालांतले सांगलीच्या आसपासच्या साप्ताहिकांचे तेवढ्या आठवड्यांचे अंक काढले की बहुतेक वेळा निकाल लागतो.

शिवाय तळाची बारीक ओळ भिंगानं वाचा. १८६७ च्या कायद्यानं छापलेल्या कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण घालणं बंधनकारक केलं. कंपनी गावोगाव फिरायची, छापखाना जागच्या जागी असायचा. त्यामुळे प्रयोग नक्की कोणत्या मुक्कामात झाला हे ती ओळ सांगून जाते. ‘विजेच्या दिव्यांचा लखलखाट’ अशी बढाई असेल तर गावात वीज अजून नवलाची होती असं धरा आणि ती कधी आली हे नगरपालिकेच्या जुन्या अहवालांत बघा. ‘स्त्रियांस बसण्याची स्वतंत्र सोय’ या एका ओळीवरून प्रेक्षागृहात कोण येत होतं, कोणाला यायला बिचकायला होत होतं, हे कळतं. नाटकाच्या संहितेत ते कुठेच नसतं.

हँडबिल चिकटपट्टीनं जोडू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. स्कॅन करताना पाठची बाजूही घ्या. पाठीवर कोणी किराणा मालाचा हिशेब लिहिला असेल तर तुम्ही भाग्यवान, त्यातल्या भावांवरूनही काळ ठरतो.

माझा पीएच.डी.चा विषय ‘विसाव्या शतकातील मराठी संस्कृती, कला आणि समाज’ असा आहे. मार्गदर्शकांनी मंजूर केला आहे. सिद्धान्त कोणता घ्यावा आणि सुरुवात कुठून करावी? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

हा विषय नाही, विद्यापीठाचा आख्खा विभाग आहे. मंजूर झालाय तर शीर्षक कागदावर तसंच राहू द्या, काम मात्र लहान करा. इतकं लहान, की कोणी विचारलं तर एका वाक्यात सांगता येईल: अमुक मासिक, अमुक दहा वर्षं, आणि त्यातल्या फक्त जाहिराती आणि वाचकांची पत्रं.

जाहिराती का, ते सांगते. १९२० साली सुरू झालेलं ‘किर्लोस्कर’ हे आधी ‘किर्लोस्कर खबर’ होतं, नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं वार्तापत्र. पुढे १९३० ला ‘स्त्री’ आणि १९३४ ला ‘मनोहर’ त्याच घरातून निघाली. त्यातल्या कथांवर, सुधारणेच्या लेखांवर भरपूर लिहिलं गेलंय. पण कथेच्या शेजारच्या पानावर काय विकायला ठेवलं होतं? शिवणयंत्र, केशतेल, बाळंतकाढा की विम्याची पॉलिसी? संपादक ज्या ‘नव्या स्त्री’शी बोलत होते तिच्या हातात पैसा होता का, असल्यास किती, याचं उत्तर मला अग्रलेखात कधी मिळालं नाही; जाहिरातीत मिळालं.

अडचण अशी की ग्रंथालयांतल्या बांधीव खंडांत ही पानं बहुधा नसतातच. बाइंडरकडे अंक गेले की मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकायच्या, ‘मजकूर’ तेवढा शिवायचा, अशी पद्धत होती. शतकाच्या सुरुवातीच्या मासिकांचे खंड हातात घेतले तर क्वचित एखाद्यातच ही पानं टिकलेली दिसतात, आणि तीही बाइंडरच्या आळसामुळे. तेव्हा सुटे अंक ज्यांच्या घरी आहेत अशी माणसं शोधा. मराठवाड्यात ती निघतील. निवृत्त शिक्षकांपासून सुरुवात करा.

काय छापलं नाही, हेही बघायचं असतं. १९२० च्या जानेवारीत डॉ. आंबेडकरांचं ‘मूकनायक’ निघालं, तेव्हा ‘केसरी’नं त्याची जाहिरात पैसे देऊनही घेतली नाही, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलंय. त्या काळातल्या वाचकवर्गाबद्दल हे न छापलेलं चौकोनभर कोरं पुष्कळ काही सांगतं. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या लैंगिक शिक्षणाच्या मासिकाकडेही (१९२७ ते १९५३) वाचकांच्या पत्रांच्या बाजूनं पाहा. तिथे हे आत्ता तुम्ही वाचताय तसंच प्रश्नोत्तरांचं सदर चाले, यापेक्षा कितीतरी धीट. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये कर्व्यांचे वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले. कोर्टानं कोणत्या प्रश्नांची उत्तरं गुन्हा मानली, हे वाचलं की ‘समाज’ हा शब्द जरा आवाक्यात येतो.

साधनांचं म्हणाल तर शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची आणि दाते-काळे-बर्वे यांची नियतकालिकांची सूची टेबलावर हवीच. मुंबई इलाख्याच्या छापील पुस्तकांच्या सरकारी तिमाही याद्याही बघा. त्यात पुस्तकाचा छापखाना, किंमत आणि किती प्रती काढल्या तेही नोंदलेलं असे. ‘अत्यंत लोकप्रिय’ म्हणून गाजलेल्या पुस्तकाच्या हजारच प्रती निघाल्या होत्या असं दिसलं की लोकप्रियतेचा ‘लोक’ म्हणजे कोण, ते बघावं लागतं.

सिद्धान्ताची घाई करू नका. शंभर अंक वाचून झाल्यावर तो लागेल, तेव्हा त्याला नाव काय ते मार्गदर्शक सांगतील.

आमचे गुरुजी म्हणतात, जुने गायक फार उंच पट्टीत आणि जलद गात. जुन्या तबकड्या ऐकल्या की हे सिद्धच होतं. खरं का? (सं. जो., मिरज)

गायक उंच गात, हे खरं असेल. तबकडीनं ते सिद्ध होत नाही.

आपण सगळ्याच जुन्या तबकड्यांना ७८ च्या म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात सगळ्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांना कापल्या जात नव्हत्या. कोणी ७४ ला, कोणी ८० च्या वर. ७४ ची तबकडी आज ७८ वर लावली की ती मुळापेक्षा जलद फिरते. वेग साधारण सहा टक्क्यांनी बदलला की स्वर अर्ध्या सुरानं सरकतो, म्हणजे पेटीवरच्या पांढरी चारचं गाणं काळी तीनला जाऊन बसतं, आणि अर्थातच लयही वाढते. साथीला ऑर्गन किंवा पेटी असेल तर थोडी मदत होते: स्वर दोन पट्ट्यांच्या अधेमधे लोंबकळत असेल तर वेग चुकलाय असा संशय घ्या. नुसती सारंगी असेल तर तीही नाही, सारंगी गायकासाठीच मिळवलेली असते.

दुसरं, दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या थोडं वर एवढाच वेळ. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक गाइसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करू लागले तेव्हापासून गायकांना ही चौकट पत्करावी लागली. नाटकात जे पद ‘वन्स मोअर’ घेत पाऊण तास रंगे, ते तीन मिनिटांत आवरायचं. मग ताना आखडणार, लय चढणार. तिसरं, १९२५ मध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायक मायक्रोफोनसमोर नव्हे, कर्ण्यात तोंड घालून गात. पातळ, टोकदार आवाज कर्ण्यात चांगला उतरे, खर्जाचा भारदस्तपणा हरवून जाई. आपण ज्याला ‘त्या काळची गायकी’ म्हणतो त्यात कर्ण्याचा वाटा किती, हे आधी वजा करावं लागतं. शेवटी गायिका स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारते ना, तोही गर्व नव्हे. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, तिथल्या माणसाला कोण गातंय ते कळायला हवं.

तुमच्याकडे मूळ तबकड्या असतील तर लेबलाभोवतीच्या गुळगुळीत भागात कोरलेला क्रमांक टिपून घ्या. लेबलापेक्षा तो खरा. आणि त्या स्पिरिटनं पुसू नका. तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटात विरघळते. गुरुजींना हे सगळं सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

सासरे गिरणीत होते, कलापथकात डफ वाजवायचे. आता वय ८८. आठवणी भरभरून सांगतात, पण तारखा जुळत नाहीत. अशा मुलाखतीला पुरावा म्हणता येईल का? (वै. प., परळ)

येईल, फक्त त्यांना ‘कधी’ असं विचारू नका. ‘बाबासाहेब गेले त्याच्या आधी की नंतर?’, ‘महाराष्ट्र झाला तेव्हा तुम्ही पथकात होतात का?’, ‘कोयनेच्या भूकंपाला कुठे होतात?’, ‘संपाआधी की नंतर?’ असं विचारा. १९५६, १९६०, १९६७, १९८२ असे चार खुंट रोवलेत की बाकीचं आपोआप त्यांच्यामध्ये पडत जातं.

तालमी कोणत्या चाळीत होत, डफाला कातडं कोण चढवे, तो शेकायला विस्तव कोण आणी, पहिल्या पाळीचा माणूस रात्रीच्या कार्यक्रमाला कसा येई, हे विचारा. शाहीर अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्याबद्दल पुस्तकांत आहे. कोरसमधल्या दुसऱ्या ओळीतल्या माणसाबद्दल कुठेच नाही, आणि तो तुमच्या घरात बसलाय. हातात डफ द्या. गाणं नुसतं आठवायला सांगितलं तर दोन कडवी येतात, हात चालू लागला की चौथंही येतं.

अण्णाभाऊ आपल्याच चाळीत येऊन गायले, असं गिरणगावातला प्रत्येक जुना माणूस सांगतो. खोडू नका, तसंच लिहून घ्या. ते इथे आले होते असं सगळ्यांना का वाटावं, हाच एक प्रश्न आहे.

सासूबाईंची मुलाखत वेगळी घ्या, वेगळ्या खोलीत. खानावळ चालवायच्या का, पथकाला डबा कोण देई, रात्री दोनला घरी आलेल्या शाहिराला दार कोण उघडी. सासरे समोर असतील तर त्या ‘यांनाच विचार’ म्हणून मोकळ्या होतील. दोघांकडून ध्वनिमुद्रण वापरायची लेखी परवानगी आजच घेऊन ठेवा.

वडिलांनी जमवलेले दिवाळी अंक आणि मासिकं, दोन कपाटं भरून आहेत. फ्लॅट लहान. कुणाला हवेत का? (म. शि., ठाणे)

नुसते ‘जुने अंक’ म्हणालात तर कोणी हलणार नाही. मासिक, महिना, साल, मुखपृष्ठ आहे की नाही, अशी चार रकान्यांची यादी करा आणि कुठल्या अंकात वडिलांनी समासात काही लिहिलंय त्यावर खूण करा. पहिला दिवाळी अंक का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा काढला तो १९०९ ला; तितक्या मागे जाणारं काही असलं तर आधी मला कळवा. एखादं ग्रंथालय ‘आमच्याकडे आहे’ म्हणून नकार देईल. त्यांच्याकडे जाहिरातींसकट आहे का, एवढं विचारा.

एका दिवंगत लेखकानं माझ्या आईला लिहिलेली पत्रं माझ्याकडे आहेत. लेखात पूर्ण छापू का? (एक वाचक, कोल्हापूर)

कागद तुमचा, मजकूर लेखकाचा. छापलेल्या पुस्तकाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण लेखकाच्या हयातीत जे छापलंच गेलं नाही त्याची ६० वर्षं ते पहिल्यांदा छापलं जातं त्यानंतर मोजायची. म्हणजे लेखक जाऊन कितीही काळ लोटला असला तरी पूर्ण पत्र छापायला वारसांची परवानगी लागते. अभ्यासासाठी दोन-चार ओळी उद्धृत करायला हरकत नाही. वारसांना लिहाल तेव्हा पत्रांच्या प्रती सोबत पाठवा. पत्रात काय आहे ते न बघता होकार कोण देईल? आणि आईची उत्तरं त्यांच्या घरी जपून ठेवलीत का, तेही त्याच पत्रात विचारा.