अणुवीज महाग, म्हणून कैगाचं स्वप्न सोडायचं का?

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी बेळगावजवळच्या खानापुरात पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. तिला कर्नाटकात कारवारजवळच्या कैगाच्या अणुवीज केंद्रात काम करायचंय, आणि तुमचे दीर म्हणतात, ‘अणुवीज महाग, सोलर स्वस्त, त्या लाइनला पुढे काही नाही.’ मग तिला कुठल्या शाखेला घालावं, असं तुम्ही विचारलंय.

दिरांचं म्हणणं निराधार नाही. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडल्याच्या लिलावात सोलरचा दर युनिटला २.४४ रुपयांवर आला. अणुभट्टीत इंधनाचा खर्च तुलनेनं थोडा, खरा पैसा जातो बांधकामात आणि व्याजात. फ्रान्समधल्या फ्लामांव्हिलच्या भट्टीचं काम २००७ मध्ये सुरू झालं आणि ती ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. एवढी वर्षं व्याज चढत राहिल्यावर वीज स्वस्त कशी पडणार?

पण २.४४ हा ऊन असतानाच्या विजेचा दर आहे. दिवेलागणीला तीच वीज हवी असेल, तर बॅटरीचा किंवा पंपानं पाणी वर चढवून रात्री त्यावर वीज करण्याचा खर्च त्यात धरावा लागतो. सौंदत्तीच्या पवनचक्क्याही पावसाळ्यात जोरात फिरतात, पुढे वारा पडतो. उलट कैगाचा पहिला संच २०१८ च्या अखेरीपर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता चालला. म्हणून नुसत्या युनिटच्या दरावरून मुलीचं करिअर ठरवू नका. दिवसाची स्वस्त वीज रात्रीपर्यंत पुरवायची कशी, हे ज्यांना जमेल त्यांना काम कमी पडणार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

माझा सल्ला: बी.ई. इलेक्ट्रिकल. लांबच्या खासगी कॉलेजात लाखो रुपये भरून ‘न्यूक्लिअर’ नावाची पदवी घेऊ नका. कैगा चालवणारं अणुऊर्जा महामंडळ ‘गेट’ या इंजिनिअरांच्या परीक्षेतल्या गुणांवर इलेक्ट्रिकल, मेकॅनिकलच्या मुलांनाच घेतं, आणि हीच पदवी सोलर, पवनऊर्जा, ट्रान्समिशन सगळीकडे चालते. सीईटीत रँक बरी आली तर बेळगावातच सीट मिळेल. नाहीच जमलं, तर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन बी.एस्सी. करून स्टायपेंडरी ट्रेनी, म्हणजे विद्यावेतनावर शिकणारी उमेदवार म्हणूनही महामंडळात जाता येतं. साठ टक्के मात्र हवेतच.

आणखी एक, आपल्या भागातल्या मुलांना मी कळकळीनं सांगते: कन्नड टाळू नका. महामंडळ केंद्राचं आहे, तिथे ते आडवं येणार नाही. पण उद्या हेस्कॉमची, म्हणजे हुबळीच्या सरकारी वीज कंपनीची जागा निघाली, तर कन्नड लिहिता-वाचता यायलाच हवं. मराठी शाळेतून आलेली हुशार मुलं इथे मागे पडताना बघून फार वाईट वाटतं. तिनं आतापासूनच सुरुवात करावी.

सीईटीचा निकाल लागला की पर्याय भरण्याआधी रँक कळवा, कॉलेजांचा क्रम आपण मिळून लावू.