गरोदरपणात एचआयव्ही निघाला. नवऱ्याला सांगायला आरोग्य कार्यकर्ती मदत करते का, की परस्पर सांगून टाकते?

परस्पर सांगत नाही, ताई. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार जोडीदाराला कळवू शकतात ते फक्त डॉक्टर किंवा समुपदेशक, तेही आधी तुम्हाला समजावून, तुम्ही सांगणारच नाही असं दिसलं तर आणि तुम्हाला तशी कल्पना देऊन. बाईला मारतील, घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर त्यांनीही सांगायचं नाही. वस्तीत फिरणाऱ्या आम्हा आउटरीच वर्करना तर तो अधिकारच नाही.

नाशिकच्या सातपूरकडची एक बाई होती. नवरा अंबडला कंपनीत, घरात सासू. आमचे तेव्हाचे वरिष्ठ म्हणाले, उद्याच नवऱ्याला बोलवा, तपासणी करा, रजिस्टर पूर्ण करा. मी नाही म्हटलं. आधी तिला विचारलं, हात उचलतो का? पिऊन येतो का? माहेरचं कोण नाशकात आहे? मग सरावासाठी मी तिचा नवरा झाले. 'कुठून आणलंस हे?' म्हणून मी अंगावर जायचे, तिने उत्तर द्यायचं. सुरुवातीला नुसती रडायची. हळूहळू बोलायला लागली, 'कुणाकडून आलं ते रिपोर्टात कळत नाही. बाळासाठी तुम्हीपण तपासून घ्या.'

सांगितलं ते समुपदेशकाच्या खोलीत, दिवसाउजेडी. भावाला तिने आधीच विश्वासात घेतलं होतं, तो बाहेर बाकावर. नवरा तडक उठला, दारापाशी थांबला, म्हणाला, 'बाळाला होईल का?' औषध नसेल तर शक्यता १५ ते ४५ टक्के, नीट घेतलं तर ५ च्या खाली, हे ऐकून बसला. त्याचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तरी सासू बोलायची ती सुनेलाच, कारण कागद तिचा आधी आला! गरोदर बाईची तपासणी होते म्हणून तिचा आधी येतो, एवढी साधी गोष्ट.

दुसऱ्याच दिवशी त्याला बोलावलं असतं तर ती औषधाविना गाव सोडून गेली असती. रजिस्टरचा रकाना थोडे दिवस रिकामा राहिला तर आभाळ कोसळत नाही, हे मी वरिष्ठांना तेव्हाही तोंडावर सांगितलं होतं.

अर्थात कायमचं लपवा असं मी म्हणत नाही. त्यालाही उपचार लागू शकतात, आणि तोवर निरोध वापराच. घरात मारहाण असेल तर एकटीने विषय काढू नका, १०९७ या एड्स हेल्पलाइनवर बोला. गोळ्यांसाठी मात्र थांबू नका, सिव्हिल हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, जा. तिथे नवऱ्याची सही लागत नाही.