जेवण झाल्यावरचा तास

प्रश्न : ताई, मी 23 वर्षांची, कॉलेज रोडजवळ पीजीत राहते. मला खाण्याचा आजार आहे. दिवसभर उपाशी, रात्री भरमसाट खाणं, मग मुद्दाम उलटी. उपचार चालू आहेत, पण जेवले की मन पार खचतं. मैत्रिणी रविवारी मिसळीला बोलावतात, मी थापा मारते. मूड सुधारायला आपलं आपण काही करता येतं का?

उत्तर : येतं. पण पहिला उपाय तुला आवडणार नाही : सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना काही महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते उदास झाले, चिडचिडे झाले, माणसांत मिसळेनात. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. तुझ्या उदासीतही उपाशीपणाचा वाटा आहे, रात्रीच्या त्या खा-खा सुटण्यातही. तो स्वभावदोष नव्हे गं.

आता जेवणानंतरचा तास. तेवढा वेळ खोलीत एकटी राहू नकोस आणि हात रिकामे ठेवू नकोस. मोगऱ्याचे दिवस असतील तर सुट्या कळ्या आणि दोरा आणून गजरा कर. दोरा जोरात ओढला की देठ तुटतो, सैल सोडला की कळी निसटते. एवढं सांभाळताना पोटाचा विचार आपोआप मागे पडतो. पीजीत शिवणकाम करणाऱ्या मुली असतील तर त्यांच्यात जाऊन बस, नाहीतर आईला फोन लाव. विषय मात्र जेवणाचा नको.

गोदापार्कला फिरायला जा, असं सगळेच सांगतील. डॉक्टरांना विचारून खुशाल जा, पण पावलं मोजणारं अ‍ॅप काढून टाक. पावलं मोजायला लागलीस की फिरणं जेवणाची शिक्षा होतं. ‘कधीतरी बसेल’ म्हणून ठेवलेली जीन्स कपाटातून हलव. रोज सकाळी सकाळी तिचं तोंड कशाला बघायचं?

चक्कर, छातीत धडधड किंवा उलटीत रक्त दिसलं तर मूडबिड बाजूला ठेव आणि ताबडतोब दवाखाना गाठ. सारख्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घटतं, हृदयाचे ठोके बिघडतात. जगणंच नकोसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 नंबर लाव. चोवीस तास चालू, मोफत, आणि मराठीत बोलता येतं.

राहिली मिसळ. या रविवारी जमणार नसेल तर नको जाऊस, पण थापा बंद. त्यातल्या एकीला, जिच्या पोटात गोष्ट राहते तिला, सांग, ‘मी येईन, पण माझ्या ताटावर बोलायचं नाही. बारीक झालीस, असं कौतुकही नको. आणि खाऊन झाल्यावर तासभर माझ्याबरोबर थांबायचं.’ ती हो म्हणाली की पुढचा रविवार ठरव. काय खायचं, किती खायचं हे आधी तुझ्या आहारतज्ज्ञांशी बोलून घे, म्हणजे टेबलावर बसून हिशेब करावा लागणार नाही.